पानगळीच्या सुट्टीत घरच्यांनी मिळून करायच्या सोप्या वस्तू (आणि आधी पानं नीट सुकवायची कशी)

सुट्टी लागली की पहिल्याच दिवशी पानं गोळा करायला बाहेर पडा, काय बनवायचं ते नंतर ठरवलं तरी चालेल. हे सगळ्यात आधी सांगतेय कारण पानांच्या वस्तूंमध्ये खरा वेळ जातो तो पानं सुकण्यात, बनवण्यात नाही, आणि बऱ्याच घरांत होतं काय की सुट्टी संपायला दोन दिवस उरले की कोणाला तरी आठवतं अरे पानांचं काहीतरी करायचं होतं ना, मग ओलीच पानं आणून कागदावर चिकटवली जातात, दोन दिवसांत ती आकसतात, कडा वर वळतात, पान गोंदासकट सुटून येतं आणि मुलांना वाटतं आपल्याला जमलंच नाही. त्यांचं काहीच चुकलेलं नसतं, पान सुकवायचं राहून गेलेलं असतं एवढंच.

म्हणून खाली सगळं दिवसांच्या हिशोबाने लिहिलंय. पहिल्या दिवशी गोळा करायचं आणि दाबायला ठेवायचं, मधल्या दिवसांत ताज्या पानांची, काड्यांची, पाइनकोनची (पाइनच्या झाडाचे खवल्यांचे शंकू असतात ना, त्यांची) कामं करायची, तीन-चार दिवसांनी कंदील, आणि आठवड्याभराने पानं पूर्ण सुकली की चित्रं.

गोळा करताना

दव वाळल्यावर जा, दुपारी उत्तम. सकाळी लवकर गेलात तर पानं ओली मिळतात आणि पुढची सगळी कटकट त्या ओलीचीच असते. झाडावरची तोडू नका, खाली पडलेलीच घ्या, पण आज पडलेली घ्या. ओळखायचं कसं तर पान हळूच वाकवायचं, वाकलं तर घ्यायचं, कटकन मोडलं तर तिथेच ठेवायचं. मुलांना ही एक गोष्ट शिकवली की मग तुम्हाला काही सांगावं लागत नाही, चार वर्षांचं मूलसुद्धा एकेक पान वाकवून बघत बसतं.

पिशवीत भरण्यापेक्षा सोबत एखादी जुनी जाड वही न्या आणि पान उचललं की लगेच वहीत घाला, घरी येईपर्यंत ते वळत नाही. मोठी मोठी पानं सगळेच उचलतात पण प्रत्यक्षात कामाला येतात ती छोटी, बोटाच्या पेराएवढीपासून तळहाताएवढीपर्यंत, त्यामुळे छोटी जास्त आणा. देठ तोडू नका, माळ करताना लागतो. पानांबरोबर वाळक्या काड्या, बेचकीच्या आकाराच्या दोन-तीन फांद्या, पाइनकोन, ओकच्या फळांच्या टोप्या, बियांच्या शेंगा असं काय मिळेल ते. फळाला बारीक गोल भोक दिसलं तर ते घेऊ नका, अळी बाहेर पडून गेल्याची खूण असते ती.

आणि एक गोष्ट गंभीरपणे. ज्या झाडाची ओळख नाही त्याचं काही उचलायचं नाही. पॉयझन आयव्ही नावाची वेल जिथे उगवते तिथे तीन-तीन पानांच्या झुपक्यांपासून लांब राहायचं, पानगळीत तीसुद्धा सुंदर लाल होते आणि मुलं नेमकी तिकडेच धावतात, अंगाला लागली तर खाज आणि फोड येतात. कण्हेरीसारख्या विषारी झाडाची पानंही नकोत. घरी आल्यावर सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे. घरात तीन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर बिया आणि छोटी फळं त्याच्या हाताला लागू देऊ नका, घशात अडकतात.

गोळा करताना मुलं हमखास विचारतात की पान लाल का झालं, तर उत्तर तयार ठेवा. पानात हरितद्रव्य असतं तोवर हिरवा रंग बाकीच्यांना झाकून टाकतो. दिवस लहान झाले, थंडी पडायला लागली की झाड नवं हरितद्रव्य बनवणं थांबवतं, आहे ते मोडून जातं, आणि मग पानात आधीपासूनच असलेला पिवळा-नारिंगी रंग दिसायला लागतो, त्याला कॅरोटिनॉइड म्हणतात. म्हणजे पिवळा रंग नवीन येत नाही, तो लपलेला असतो. लाल मात्र नवीन बनतो, पानात अडकलेल्या साखरेपासून अँथोसायनिन तयार होतं, त्यासाठी लख्ख ऊन असलेले दिवस आणि गार रात्री असल्या की लाल जास्त खुलतो. शेवटी उरतो तो तपकिरी, पानातल्या टॅनिन नावाच्या द्रव्याचा. हे नुसतं माहितीसाठी नाही सांगत, वस्तू करताना उपयोगी पडतं. लाल-पिवळे रंग उन्हात फिके पडतात, तपकिरी जवळपास तसाच राहतो, त्यामुळे खिडकीत लावायच्या वस्तूत तपकिरी पानं भरपूर घाला आणि लाल पानं उन्हापासून लांबच्या भिंतीवरच्या चित्रासाठी ठेवा.

दाबायला ठेवणं, हेच मुख्य काम

साधा, शाई शोषणारा कागद घ्या. वर्तमानपत्र चालतं, पण पानाला लागून एक कोरा कागद ठेवा म्हणजे शाई उतरणार नाही. चकचकीत मासिकाचा कागद अजिबात नको, तो पाणी शोषत नाही. मी पहिल्या वर्षी नेमकं तेच केलं होतं, दहा दिवसांनी उघडलं तर निम्म्या पानांवर बुरशी आणि माझ्या मुलीचं आवडतं पान काळं पडलेलं. तेव्हापासून कागदाच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे.

पानं आधी कोरड्या फडक्याने हलकेच पुसा. कागदावर एकमेकांना चिकटणार नाहीत अशी पसरा, वर दुसरा कागद, वर पुन्हा पानं, असे चार-पाच थर करा, त्याहून जास्त नको. वर एक सपाट पाट किंवा जाड पुठ्ठा आणि त्यावर घरातली सगळ्यात जड पुस्तकं. मग, आणि हे लोक विसरतात, पहिले तीन-चार दिवस रोज कागद बदला. पानातलं बहुतेक पाणी याच दिवसांत निघतं आणि ओला झालेला कागद तसाच राहिला की बुरशी धरते. कागद बदलायचं काम मुलांना द्या, रोज ठरलेल्या वेळी पुस्तकं उतरवायची, कागद काढायचे, पानं किती बदलली बघायची, परत रचायचं. आमच्याकडे हीच गोष्ट सुट्टीभर सगळ्यात जास्त आवडते, वस्तू बनवण्यापेक्षाही.

पातळ पानं आठवड्यात होतात, जाड पानांना दोन आठवडे लागतात. पान गालाला लावून बघा, गार लागलं तर अजून ओल आहे.

घाई असेल तर इस्त्री आहे. पान दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवा, इस्त्रीतली वाफ बंद, मध्यम गरम, आणि एका बाजूने दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, मग उलटून दुसऱ्या बाजूने, पान कोरडं होईपर्यंत असंच. हे मोठ्यांनीच करायचं. रंग थोडा गडद होतो पण त्याच दिवशी पान वापरता येतं.

तिसरा मार्ग ग्लिसरीनचा. एक वाटी ग्लिसरीनला दोन वाट्या पाणी, पसरट भांड्यात ओता, पानं त्यात बुडवा आणि वर दुसरी ताटली ठेवा म्हणजे ती तरंगणार नाहीत. दोन ते सहा दिवस लागतात. बाहेर काढून पुसली की पानं मऊ, वाकणारी राहतात, कुसकरत नाहीत, रंग जरा काळपटतो. पण तेलकट राहतात आणि त्यावर गोंद नीट धरत नाही, म्हणून ही पानं माळेसाठी आणि विणण्यासाठी, चिकटवायच्या कामाला नाही.

तोवर ताज्या पानांशी खेळा

छाप घेण्यासाठी सुकं पान चालतच नाही, चुरा होतो, त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या दिवशीच हे करून घ्या. पान उलटं ठेवायचं, म्हणजे शिरा उठून दिसतात ती बाजू वर. त्यावर पातळ कागद, आणि मेणाचा खडू कागदाचं वेष्टण काढून आडवा धरून घासायचा. टोकाने घासलं की कागद फाटतो, आडवा धरला की शिरा अशा उमटतात की मुलं ओरडतातच. पान सरकत असेल तर मागे चिकटपट्टीचा एक तुकडा लावा. असे पाच-सहा रंगांत घासलेले कागद कापून शुभेच्छापत्रं करता येतात, किंवा भेटवस्तूला गुंडाळायला मोठा कागद.

रंगाचा ठसाही शिरांच्याच बाजूने. पोस्टर कलर पाणी न घालता, ब्रशने पातळ थर द्यायचा, पान रंगाची बाजू खाली करून कागदावर ठेवायचं, वर वर्तमानपत्राचा तुकडा आणि तळहाताने सगळीकडून दाबायचं. घासायचं नाही, दाबायचं. पहिला ठसा बहुतेक वेळा डाग पडल्यासारखा येतो कारण रंग जास्त असतो, तेच पान परत रंग न लावता दुसऱ्यांदा ठेवा, दुसरा ठसा सुरेख येतो. कापडी पिशवीवर करायचं असेल तर कापडाचे रंग घ्या आणि पिशवीच्या आत पुठ्ठा घाला नाहीतर रंग पलीकडे उतरतो. मोठ्या मुलांनी केलेली पिशवी वर्षभर वापरता येते आणि त्यांना त्याचा फार अभिमान असतो.

पाइनकोन आणले असतील तर आधी ओव्हनमध्ये शंभर अंशांवर, ट्रेवर फॉइल घालून, अर्धा तास ठेवा, आतले किडे मरतात, चीक वितळून बसतो आणि मिटलेले कोन उमलतात. त्या अर्ध्या तासात ओव्हनजवळच थांबा, कोन वाळकं लाकूडच असतात. ओव्हन नसेल तर झटकून उन्हात दोन-तीन दिवस. एक कोन मात्र बाजूला ठेवा आणि मुलांसमोर पाण्याच्या वाडग्यात टाका, तासा-दोन तासांत तो मिटतो, बाहेर काढून वाळवला की पुन्हा उमलतो. त्याच्या प्रत्येक खवल्याची बाहेरची बाजू पाणी पिऊन आतल्या बाजूपेक्षा जास्त फुगते म्हणून खवला आत वळतो, आणि झाडाचा फायदा असा की बिया कोरड्या दिवशीच सुटतात आणि वाऱ्याने लांब जातात. हा प्रयोग आम्ही दरवर्षी करतो आणि दरवर्षी सगळे बघत बसतात.

कोनचं घुबड सोपं आहे, खवल्यांमध्ये कापूस खुपसायचा, ओकच्या दोन टोप्या डोळ्यांना, पिवळ्या कागदाची चोच. साधा गोंद कोनवर धरायला वेळ लावतो, टोप्या लावून आडवं ठेवून रात्रभर हलवू नका. ग्लू गन असेल तर ती मोठ्यांच्याच हातात, कमी तापमानाचीही चटका देतेच. अगदी लहान मुलांना गोंद नकोच, त्यांना रंगीत लोकर द्या आणि कोनभोवती गुंडाळू द्या, खवले लोकर आपोआप धरून ठेवतात.

बेचकीवरचं विणकाम मला स्वतःला सगळ्यात आवडतं. बेचकीच्या दोन फांद्यांमध्ये लोकर ताणून बांधायची, एका फांदीला एक वेढा, मग दुसरीला एक वेढा, असं वरपासून खाली अर्ध्या-एक सेंटीमीटरवर. तार घट्ट ताणलेली हवी, सैल असली की काही टिकत नाही, हे मोठ्यांनी करून द्यावं. मग मुलांनी त्यात एक तार वर एक तार खाली असं करत गवताच्या काड्या, ग्लिसरीनची पानं, दुसऱ्या रंगाची लोकर जे वाटेल ते ओवायचं. यात चूक अशी काही होतच नाही, दोन तारा सुटल्या तरी छान दिसतं. सात-आठ वर्षांचं मूल तासभर एकटं करतं, आणि आजी-आजोबांबरोबर बसून केलं तर गप्पा मारता मारता दोन-तीन होतात.

पाऊस लागला आणि बाहेर जाताच आलं नाही तर कागदाचा भोपळा करा. दोन सेंटीमीटर रुंद, वीस सेंटीमीटर लांब अशा दहा नारिंगी पट्ट्या, दोन्ही टोकांना भोक, सगळ्या एकावर एक ठेवून भोकांत पिन अडकवायची, कमान करून पंख्यासारख्या उघडायच्या, वर हिरव्या कागदाचा देठ. पंधरा मिनिटांत होतो.

पानं तयार झाली की

पहिला कंदील करा. काचेची बरणी घ्या, लेबल कोमट पाण्यात भिजवून काढा, चिकटपणा राहिला तर थोडं खाद्यतेल चोळा आणि मग साबणाने नीट धुवा, काचेवर तेलाचा अंश राहिला तर गोंद सुटतो. दोन भाग पांढरा गोंद आणि एक भाग पाणी असं पातळ करा. बरणीच्या बाहेरून ब्रशने गोंद लावा, त्यावर पिवळ्या किंवा पांढऱ्या टिश्यू पेपरचे हाताने फाडलेले तुकडे एकावर एक चढवत लावा, पतंगाचा कागदही चालतो. कात्रीने कापलेल्या तुकड्यांच्या कडा दिव्यात उठून दिसतात, फाडलेल्या विरून जातात, आणि फाडणं हे छोट्या मुलांचं काम छान होतं. आता त्यावर पानं. इथे एक युक्ती आहे, कंदिलाला पूर्ण कडकडीत सुकलेलं पान घेऊ नका, बरणी गोल असते आणि ते वळताना मोडतं. तीन-चार दिवस दाबलेलं, सपाट झालेलं पण अजून लवचिक असलेलं पातळ पान बरोबर बसतं, म्हणून कागद बदलताना अशी पाच-सहा पानं बाजूला काढून लगेच कंदील करून टाका. पानाच्या मागे गोंद, पुढून गोंद, कडा बोटाने दाबून धरा. कडा उचलत असतील तर त्यावर टिश्यूचा एक पातळ तुकडा चढवा, वाळला की दिसतही नाही. रात्रभर वाळू द्या. आत बॅटरीवरचा छोटा दिवा ठेवा, मेणबत्ती नको, बाहेर कागद आणि सुकी पानं आहेत आणि घरात मुलं आहेत. संध्याकाळी घरातले बाकीचे दिवे घालवून लावून बघा, पानाची शीर न् शीर दिसते.

पानांच्या चित्रांसाठी मात्र पूर्ण सुकलेली पानं हवीत. आधी गोंदाशिवाय मांडा. पान आहे तसं बघायचं आणि ते कशासारखं दिसतं ते शोधायचं, टोकदार पिवळं पान म्हणजे कोल्ह्याचं तोंड, लांबट पानांची रांग म्हणजे माशाचे खवले, पंख्यासारखं पान म्हणजे झगा. मांडणी आवडली की मोबाइलवर फोटो काढा, कारण गोंद लावायला पानं उचलली की कुठे काय होतं ते कोणालाच आठवत नाही आणि भांडणं होतात. गोंद पानाला नको, कागदाला लावा, थेंबाएवढाच. झाल्यावर वर कोरा कागद ठेवून पुस्तकाखाली एक रात्र.

दोन-तीन वर्षांच्या मुलांना गोंद देण्यात अर्थ नाही, त्यांच्यासाठी पुस्तकाला कव्हर घालायची ती पारदर्शक चिकट फिल्म चिकट बाजू आपल्याकडे करून खिडकीच्या काचेवर त्यांच्या उंचीला लावा, कडांना चिकटपट्टी. त्यांनी पानं लावायची आणि काढायची, दिवसभर चालतं.

माळ करायची तर ग्लिसरीनची पानं देठाजवळ सुईने ओवा, प्रत्येक दोन पानांमध्ये दोऱ्याला एक गाठ मारा नाहीतर सगळी घसरून मधोमध जमा होतात. मधमाशीच्या मेणात बुडवलेली पानं दिसायला आणखी सुंदर होतात, पण हे काम फक्त मोठ्यांचं. मेण साधारण 62 ते 64 अंशांना वितळतं, त्यामुळे गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवूनच वितळवा, थेट आचेवर कधीच नाही, आणि मेणाने चुकून पेट घेतलाच तर पाणी ओतायचं नाही, गॅस बंद करून झाकण ठेवायचं. देठ धरून सुकं पान एकदाच बुडवा, निथळू द्या, आणि मेणकागदावर ठेवा.

सुट्टीच्या शेवटच्या दिवसांसाठी एक फांदी. पानं गळलेली, तीन-चार उपफांद्या असलेली वाळकी फांदी, जड बरणीत खडे घालून उभी करा. गोळा केलेल्या पानांच्या कडेने पेन्सिल फिरवून रंगीत कागदाची पानं कापा, आणि रोज रात्री प्रत्येकाने एका पानावर त्या दिवशी आवडलेली एक गोष्ट लिहून दोऱ्याने टांगायची. लिहिता येत नसलेल्यांचं दुसऱ्याने लिहायचं, ते बोलतील ते शब्द तसेच्या तसे, सुधारायचे नाहीत. लांब राहणाऱ्या नातेवाइकांना फोनवर विचारून त्यांचंही एक पान लावा. फांदी काढाल तेव्हा ही कागदाची पानं फेकू नका, पाकिटात घालून वर वर्ष लिहून ठेवा.

वस्तू किती टिकतात म्हणाल तर उन्हापासून आणि ओलीपासून लांब ठेवलेलं चित्र काही वर्षं राहतं, कंदील एक मोसम नक्की. उरलेली साधी पानं हाताने चुरून कुंडीतल्या मातीवर पसरा. रंग, मेण, गोंद किंवा ग्लिसरीन लागलेली मात्र कुंडीत नकोत, ती वेगळी काढून कचऱ्यात टाका.